चार नॉबांचा डबा

आमच्या डोक्यावर जवळजवळ वर्षभर एकच कडवं वाजत होतं. पूर्ण गाणं कधीच नाही. कडवं सुरू व्हायचं, ढोलकी एक फेरा घ्यायची आणि कोरस उचलणार एवढ्यात सगळं बंद. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, काहीतरी घरंगळल्याचा आवाज, आणि पुन्हा तेच कडवं. पहिले काही दिवस आमचे हे वैतागले. नंतर मात्र दाढी करताना तेच कडवं स्वतः गुणगुणायला लागले आणि बरोबर तिथंच थांबायला लागले.

गारखेड्यातल्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि हिवराळे सर आमच्या बरोबर वर. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरण्यात त्यांचा दिवसातला बराच वेळ जायचा. मी शाळेत भूगोल शिकवत होते, म्हणून त्यांच्या लेखी मी 'बाई'. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती. सरांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. वर नवं बिऱ्हाड आलंय, भली माणसं आहेत, आवाज म्हणून करत नाहीत. मला ते छत फार सुनं वाटतं.

सरांचा कान हे आमच्या इमारतीचं वैभव होतं. एकदा जिना चढता चढता ते आमच्या दारात थांबले. घरात न येता, नमस्कार न करता म्हणाले की बैठकीतल्या पंख्याची बेरिंग जाणार आहे. पंखा छान फिरत होता. आम्ही हसलो. आठ दिवसांनी तो कण्हायला लागला आणि पुढच्या आठवड्यात बंद पडला. उन्हाळ्यात बोअरच्या मोटारीजवळ जाऊन ते काठीचं एक टोक मोटारीला आणि दुसरं कानाला लावायचे, आणि पाणी कमी झालंय की मोटारच थकलीय ते सांगायचे. त्यांनी सांगितल्यावर मग मेकॅनिकला बोलवायचं, असा आमच्या सोसायटीचा रिवाजच पडला होता. मेकॅनिकही आधी विचारायचा, सर काय म्हणाले?

ऐकायचं असलं की ते चपला काढायचे. कुठंही, भर बाजारातसुद्धा. चपला घालून नीट ऐकू येत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. कारण विचारलं तर म्हणायचे, "कारण काय की. पण येत नाय." एवढं विज्ञान शिकवलेला माणूस, पण स्वतःच्या कानाबद्दल त्यांची श्रद्धाच होती. घरात चार प्रकारचे मीटर होते, आणि तरी "मीटरला गाणं कळत नाय, बाई," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आमच्या शाळेत परीक्षेच्या गुणांवरून वाद झाला की मीसुद्धा ते वापरायचे.

तर त्या कडव्याची गोष्ट. सरांचं मूळ गाव करमाडच्या पलीकडचं. त्यांचे वडील दिवसा मोलमजुरी करायचे आणि गायन पार्टीत खंजिरी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत ही पार्टी गावोगाव फिरायची, आणि एका वर्षी कुठल्याशा छोट्या कंपनीने त्यांना नेऊन एक रेकॉर्ड काढली. जुन्या काळची, जड, काळी, पडली तर काचेसारखी फुटणारी. कंपनी पुढं बंद पडली. सरांकडं एकच प्रत होती आणि तिच्यावरचा कागद हाताळून हाताळून पांढरा झालेला. वडलांचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. त्या माणसाची जगात उरलेली एकमेव खूण म्हणजे त्या कडव्यानंतर कोरसमागं वाजणारी खंजिरी, आणि ती खंजिरी खरी वाजावी एवढं एकच सरांना निवृत्तीनंतर करायचं होतं.

यात अडचण काय ते त्यांनी मला शिष्य समजून समजावलं होतं, आणि मला जेवढं कळलं तेवढं सांगते. रेकॉर्डवर सुई फिरते तेव्हा निघणारा आवाज मुंगीएवढा असतो. तो मोठा करणारा जो डबा लागतो त्याला प्रीॲम्प म्हणतात. पण नुसता मोठा करून भागत नाही. रेकॉर्ड बनवतानाच कंपनी जाड आवाज दाबून ठेवते आणि बारीक आवाज चढवून ठेवते, नाहीतर तो रेकॉर्डवरच्या बारीक रेघांत मावत नाही. वाजवताना हे सगळं उलट करायचं. "साडीची घडी ज्या मापानं घातली त्याच मापानं उलगडावी लागती," सर म्हणायचे. आता सगळ्यांचं माप एक झालंय, पण जुन्या काळी प्रत्येक कंपनीची घडी वेगळी. बाजारात मिळणाऱ्या डब्याला एकच घडी उलगडता येते. वडलांच्या रेकॉर्डचं माप कोणतं ते सांगणारं आता कुणी नव्हतं. ते कानानंच शोधायचं होतं, आणि ती खंजिरी प्रत्यक्ष ऐकलेला कान उरला होता एकच, सरांचा.

म्हणून त्यांनी स्वतःचा डबा करायला घेतला. चार नॉबांचा. पहिला, आवाज किती मोठा करायचा त्याचा. सुई जिच्यात बसवतात त्या कार्ट्रिजच्याही जाती असतात आणि प्रत्येकीला आपापलं ओझं लागतं, म्हणून दुसरा आणि तिसरा त्या ओझ्याचा. "बैल बघून वझं टाकावं." आणि चौथा घडी उलगडायचा. त्या चौथ्यासाठी हा सगळा संसार होता.

संसार म्हणजे खराखुरा. जेवणाच्या टेबलावर जेवण होत नसे. निर्मलावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी केलेल्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या की काम संपवणाऱ्या बाई. त्या स्वयंपाकघरात जमिनीवर पानं मांडायच्या. जिन्यात सोल्डरिंगच्या राळेचा वास. त्यांच्याकडं कुणीही गेलं, अगदी लग्नाची पत्रिका द्यायला गेलं, तरी हातात एक ताट यायचं. त्यात रंगीत पट्ट्यांचे शेकडो बारके रेझिस्टन्स. तांदळातले खडे निवडावेत तसे ते निवडायचे, मग सर एकेक मीटरवर लावून डाव्या कानाचा आणि उजव्या कानाचा असे जोडीदार जुळवायचे. मी स्वतः किती जोड्या लावल्या असतील. पत्रिका जुळवणारे भटजीसुद्धा एवढी चिकित्सा करत नसतील. चहा मात्र उत्तम मिळायचा.

डब्याचा खरा डबा मिळवायची हकिगत तर आमच्या गल्लीत पुष्कळ दिवस गाजली. गाण्याच्या मागं एक हूंऽऽ असा घुमणारा आवाज येत होता. घरातल्या विजेचा तो आवाज अडवायला लोखंडाच्या गुणाचा डबा हवा, ज्याला चुंबक चिकटतं असा. सर मला आणि वहिनींना घेऊन गुलमंडीवर भांड्यांच्या दुकानात गेले आणि खिशातून चुंबक काढून एकेक डब्याला लावायला लागले. दुकानदार खूश. चुंबक चिकटत नाही ते स्टील अस्सल, हे आपल्याकडं बायका-पोरांनाही ठाऊक. त्याने आपला भारीतला माल पुढं केला. सरांनी चुंबक लावलं, ते खाली पडलं, आणि सर म्हणाले, "हे नको. चिकटतंय असं दाखवा." दुकानदाराला वाटलं, सर टोमणा मारताहेत. तो शपथा घ्यायला लागला की आपल्या दुकानात हलका माल नाहीच. सर म्हणत होते, बघा की, एखादा असंल. तोवर दुकानातल्या दोन बायकांनी सरांकडून चुंबक मागून घेतलं आणि आपली भांडी तपासायला घेतली. शेवटी मालकाने हात जोडून आम्हांला बाहेर काढलं. डबा मिळाला तो जुन्या बाजारात भंगारवाल्याकडं, बिस्किटांचा, झाकणावर गुलाब. सरांनी तो गुलाब खरवडू दिला नाही.

डबा झाला. घुमणं असेपर्यंत खंजिरी वाजू द्यायची नाही असं सरांनी ठरवलं होतं, ते घुमणं गेलं. आणि कडवं संपून प्रथमच पुढचा कोरस आमच्या छतातून खाली आला तेव्हा आमचे हे दाढी अर्धी टाकून वर पळाले.

मग ऐकणाऱ्यांची सत्रं सुरू झाली. सर जिन्यातून माणसं पकडून आणायचे. कुणी 'छान' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. छान भाजी असते, गाण्याला नीट शब्द पाहिजे. त्यामुळं आम्ही सगळेच हळूहळू बोलायला शिकलो. गाणारा नाकातून गातोय. ढोलकी शेजारच्या खोलीत आहे. पेटीला सर्दी झालीय. सर प्रत्येक तक्रारीवर खूश होऊन काहीतरी काढायचे, काहीतरी जोडायचे, आणि डबा खरंच सुधारत गेला.

खंजिरीचं मात्र उलटंच होत होतं. सर म्हणायचे ती अजून मागंच आहे, दबलेली आहे, आणि चौथा नॉब आणखी एक घर पुढं सरकवायचे. आम्हांला ती आधीच कानात टोचत होती. जुन्या रेकॉर्डची खरखरही त्याबरोबर वाढत होती, कढईत पाणी पडल्यासारखी. आणि एक दिवस सरांनी आनंदानं जाहीर केलं की आता खरखर पार गेली. आम्ही एकमेकांकडं बघितलं. कानाच्या बाबतीत सरांना चूक म्हणण्याची आमची टाप नव्हती. आम्हांला वाटलं, आपल्यालाच ऐकायचं कळत नसेल.

पुढं ते टोचणं असह्य झालं तेव्हा मी बोलले. सर, बायकांचं डोकं दुखतंय हो. सर दुखावले. दोन दिवस जिन्यात भेटले तरी कार्ट्रिजचीच चूक असल्याचं सांगत राहिले. मग सगळा डबा पुन्हा मुळापासून तपासायचा म्हणून त्यांनी एक जुनं यंत्र काढलं. त्यातून नुसता एकसुरी आवाज निघतो, जाड करत करत किंवा बारीक करत करत न्यायचा. तो डब्यात सोडायचा आणि स्पीकरमधून ऐकायचा. मी शाळेतून आले होते आणि वहिनींबरोबर ताट घेऊन बसले होते.

सर चपला काढून, डोळे मिटून बसले आणि आवाज बारीक करत नेऊ लागले. शिट्टीसारखा झाला, मग शिट्टीच्याही वर गेला. सरांनी डोळे उघडले. म्हणाले, कनेक्शन गेलं. ते उठले, स्पीकरची मागची वायर काढून पुन्हा लावली. आवाज चालूच होता. आमचे दात आंबले. त्यांनी दुसरी वायर शोधून आणली, ती सोलली, लावली. मीटरचा काटा मजेत उभा होता, त्याच्यावर त्यांनी टिचकी मारली. मग ते गुडघ्यांवर बसून स्पीकरच्या जाळीला कान लावून बसले, आणि आम्ही दोघी कानांवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत होतो. मला वाटलं, थट्टा करताहेत. वहिनींना माझ्या आधी कळलं. त्यांनी कानांवरचे हात काढले, उठल्या, आणि स्वतः बटण बंद केलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "वायर चांगली हाय."

सरांनी जाळीवरून कान काढला. त्यांनी विचारलं, "वाजत होतं का?"

"व्हय. लई जोरात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.  सरांनी सगळ्या वायरी एकेक करून गुंडाळल्या, त्यांना दोरे बांधले, यंत्र खोक्यात ठेवलं आणि चपला घालून खाली फिरायला निघून गेले. चहा कुणीच घेतला नाही.

डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. बोलणं ऐकू येतं, पंखा ऐकू येतो, मोटार ऐकू येते. जातात ते वरचे, बारीक आवाज. म्हणजे नेमकी खंजिरी. कानात घालायचं यंत्र आलं, सरांनी ते लावून रेकॉर्ड ऐकली आणि दोन मिनिटांत काढून ठेवलं. वहिनींनी सांगितलं, ते म्हणाले, यात वडील पत्र्याच्या डब्यातून वाजवल्यागत वाटतात. टर्नटेबलवर पलंगपोस पडला. आमच्या छतावर शांतता झाली. वर्षभर ज्या आवाजाला आम्ही नावं ठेवली त्याच्यासाठी आम्ही जेवताना वर बघायला लागलो. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही येत होता. एवढं शिकलेला माणूस, एका काट्यावर विश्वास ठेवून डबा पुरा करता आला असता. पण कोणत्या काट्यावर? त्या रेकॉर्डचं माप कुठल्याच काट्याला ठाऊक नव्हतं.

अशात विहारातली मंडळी आली. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी जुन्या गायन पार्ट्यांची गाणी मूळ रेकॉर्डवरून ऐकवायची, आणि सरांनी आपला डबा आणावा. वहिनींना वाटलं, नाही म्हणतील. सर हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते जालना रोडवरच्या टपऱ्यांवरून पिशवीभर सोड्याच्या बाटल्यांची बुचं घेऊन आले. गच्चीवर बसून हातोडीने ती चपटी केली. भंगारातून चाळणीचं लाकडी कडं आणलं, खाचा पाडल्या, तारेवर बुचं ओवली. वडलांची खंजिरी अशीच होती. पितळेच्या चकत्या परवडायच्या नाहीत, म्हणून बुचांची. सरांच्या आठवणीत तिचा आवाज पितळेसारखा छुमछुम नव्हता. खळ्ळ करून लगेच विझायचा, ओल्या मुरमावर पाय दिल्यासारखा. मग त्यांनी मला, वहिनींना आणि आमच्या ह्यांना समोर बसवलं आणि ती वाजवून दाखवली. त्यांना स्वतःला फक्त तळहाताची थाप ऐकू येत होती. तरी एक बूच जास्त वाकलंय, दोन घट्ट बसलीत, असं आम्ही सांगत गेलो आणि ते दुरुस्त करत गेले. "हां, असंच. आता हे ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "तुमचे कान मला उसने पाहिजेत."

पुढचे कित्येक दिवस आमचं हेच चाललं. सर आधी खंजिरी वाजवायचे, मग रेकॉर्ड. आम्ही सांगायचो, रेकॉर्डवरची जास्त चमकतेय. नॉब एक घर मागं. अजून. आता मेली. अर्धं घर पुढं. अर्धं घर नव्हतंच, मग ते त्यांनी डबा उघडून बनवलं. प्रत्येक घर मागं जाताना सरांना त्यांच्या वडलांचं थोडं आणखी ऐकू येईनासं होत होतं. हे आम्हां सगळ्यांना कळत होतं, त्यांना तर कळतच होतं. एकदा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, सर, तुमच्यापुरता एक पाचवा नॉब ठेवा ना, हेडफोनवर, हवा तेवढा चढवलेला. त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "तसं केलं तर मला वाजल्यागत वाटंल. पण ती त्येंची खंजिरी नसंल, बाई."

जयंतीनंतर सर आणि वहिनी मुलीकडं नागपूरला गेले, आणि तिथंच सर गेले. आमची गाठ पडली नाही. म्हणून मला सर आठवतात ते विहारातल्या त्या संध्याकाळचे.

सतरंज्या अंथरलेल्या, बायका एका बाजूला पांढऱ्या साड्यांत, मुलं पुढं. वंदना झाली. करमाडकडून एक टेंपो भरून माणसं आली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर टर्नटेबल आणि शेजारी गुलाबाचा डबा. सर टेबलाशी उभे, अनवाणी. स्पीकर विहाराचे, हॉल मोठा, इतक्या माणसांत आवाज बदलतो, त्यामुळं घरी बसवलेलं माप चालेलच असं नव्हतं. सरांचा हात चौथ्या नॉबवर होता आणि ते फिरवत नव्हते. कुठं फिरवायचा ते त्यांना कळणार नव्हतं.

कडवं सुरू झालं. ढोलकीनं फेरा घेतला. कोरस उचलला, आणि खंजिरी आली. खळ्ळ, आणि विझली. पुन्हा खळ्ळ. गच्चीवर ऐकलेली तीच. पुढं बसलेला एक म्हातारा डोलायला लागला. मी सरांना खूण करायला हात वर करणार होते, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. ते बायकांच्या बाजूला वहिनींकडं बघत होते. वहिनी इतक्या गर्दीतून ओरडून सांगणार तरी काय? त्यांनी हात पदरातून बाहेर काढला, चेहऱ्यापर्यंत वर नेला आणि मनगट हलवलं. रेकॉर्डवर खंजिरी जिथं वाजत होती बरोबर तिथं. ती थांबली की थांबत होत्या, ती आली की पुन्हा हलवत होत्या. सर त्या मनगटाकडं बघत राहिले, आणि हळूहळू त्यांची मान त्याच ठेक्यावर हलायला लागली.

मग त्यांनी नॉबवरचा हात काढला, टेबल सोडलं आणि पुढं येऊन लोकांमध्ये मांडी घालून बसले.

रेकॉर्ड वाजत असताना मशीन सोडून बसलेले सर मी कधी पाहिले नव्हते. गाणं शेवटपर्यंत वाजलं.